गुण आला, पण कशानं?

प्रश्न थोडक्यात असा: "मी चिकोडी तालुक्यातली, बेळगावात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत पाठांतरावर निभावलं. आता वर्गात एक सांगतात, घरी आजी दुसरंच सांगते, मोबाइलवर तिसरंच येतं. लहानपणी मला कावीळ झाली होती. आजीनं झाडपाल्याचं औषध दिलं आणि मी बरी झाले. हे वर्गात सांगितलं तर सर हसले, पण का हसले ते सांगितलं नाही. वैद्यकशास्त्राबद्दल चिकित्सकपणे विचार करायला शिकायचं कसं?"

तुला 'तू' म्हणते, माझी धाकटी लेकसुद्धा तुझ्याहून मोठी आहे. खानापूर तालुक्यात ३३ वर्षं जनरल प्रॅक्टिस केली, त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

तुझे सर हसले ते मला पटलं नाही. तू दिलेला पुरावा कच्चा होता, पण तो कुठे कच्चा आहे हे दाखवायला पाच मिनिटं पुरली असती. आपल्याकडे औषधाचा 'गुण येतो' आणि काही डॉक्टरांच्या 'हाताला गुण' असतो. या एका शब्दात अख्खी फसगत दडलेली आहे. गुण आला हे डोळ्यांना दिसतं. कशानं आला ते दिसत नाही, ते आपण मनाने जोडतो.

माझंच सांगते. दवाखाना घातला त्या पहिल्याच पावसाळ्यात 'नव्या बाईंच्या हाताला गुण आहे' ही बातमी जांबोटीपर्यंत गेली. मलाही खरंच वाटलं. आता त्या दिवसांचा हिशेब मांड. नट्टीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस, माणूस दिवसभर चिखलात. ताप आला म्हणून पहिल्या दिवशी कोणी डॉक्टरकडे येत नाही. पहिल्या दिवशी घरचा काढा, दुसऱ्या दिवशी मेडिकलातली गोळी, चौथ्या दिवशी अंग मोडून पडलं की दवाखाना. "डॉक्टर, सुई मारा की, गोळीनं काय होतंय?" साधा व्हायरल ताप पाचव्या-सहाव्या दिवशी आपोआपच उतरतो. मी चौथ्या दिवशी सुई दिली, पाचव्याला ताप गेला, माझं नाव झालं. तोच माणूस पहिल्या दिवशी शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे गेला असता तर ते बिचारे बदनाम झाले असते. तीन डॉक्टर करून झाल्यावर शेवटचा हुशार ठरतो, त्याचं इंगित बऱ्याचदा एवढंच असतं.

तिसऱ्या वर्षी मला शंका आली म्हणून मी एक वही केली. डाव्या पानावर सुई घेतलेले, उजव्या पानावर नुसत्या पॅरासिटामॉलवर गेलेले. ताप किती दिवसांत उतरला ते पुढच्या खेपेला विचारायचं आणि लिहायचं. पावसाळा सरल्यावर मोजलं तर सुईवाले लवकर बरे झाले होते! मी खुशीत वही आमच्या ह्यांना दाखवली. हे हायस्कूलात गणित शिकवायचे. त्यांनी वही चाळली आणि विचारलं, "सुई मागतं कोण?"

सुई मागायचे ते उशिरा आलेले, चार दिवस काढून थकलेले. शाळकरी पोरं, दुकानदार वगैरे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच यायचे आणि गोळ्या घेऊन जायचे. मी दिवस मोजत होते ते माझ्या टेबलापासून, तापाच्या सुरुवातीपासून नव्हे. शिवाय जे परत आलेच नाहीत ते वहीत नव्हते. त्यातले काही बरे झाले म्हणून आले नसतील, काही कंटाळून दुसरीकडे गेले असतील. म्हणजे माझी दोन पानं मुळात दोन वेगळ्या माणसांची होती. ती वही अजून माझ्याकडे आहे. कॉलेजातल्या पाच वर्षांत जे समजलं नाही ते त्या वहीनं समजावलं, आणि तेही चुकीचं उत्तर देऊन.

तेव्हापासून एक प्रश्न मनाला लावून घेतला आहे: हे औषध दिलं नसतं तर याच माणसाचं काय झालं असतं? अडचण अशी की एकच माणूस औषध घेतलेला आणि न घेतलेला असा दोन्ही असू शकत नाही. म्हणून त्याच्यासारखी दुसरी माणसं शोधावी लागतात. 'त्याच्यासारखी' शोधणं हेच सगळ्यात अवघड काम, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडायची पद्धत त्यासाठीच निघाली. कोणाला औषध मिळेल हे डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या मर्जीवर ठेवायचं नाही, नशिबावर सोडायचं. मग उशिरा आलेले, थकलेले, गरीब, शिकलेले सगळे दोन्हीकडे सारखे वाटले जातात, आपण न मोजलेल्या गोष्टींसकट.

याचं जगभर नावाजलेलं एक उदाहरण तुझ्या जिल्ह्यातलंच आहे, आणि वर्गात कोणी सांगितलं नसेल तर कमाल आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हा तेव्हा घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईचा मोठा शत्रू होता. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रॉस्टॉलची गोळी साध्या तापमानाला टिकते. ती उपयोगी पडेल का, हे बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज (जेएनएमसी) आणि अमेरिकेतले संशोधक यांनी २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलं. १६२० बायका. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून ८१२ जणींना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रॉस्टॉल आणि ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. कोणाला काय मिळालं हे बाळंतिणीला ठाऊक नाही आणि गोळी देणाऱ्या एएनएमलाही, म्हणजे गावच्या नर्सबाईलाही नाही. २००६ साली निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला: बिनऔषधी गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ टक्के.

यात दोन गोष्टी जवळून बघ. पहिली, रक्त मोजलं कसं? नजरेच्या अंदाजानं नव्हे. बाळंतिणीच्या खाली खुणा केलेली, नरसाळ्यासारखी प्लास्टिकची पिशवी लावून मोजलं. याच कामाच्या संदर्भात आधी पडताळून पाहिलं होतं, तेव्हा नजरेचा अंदाज पिशवीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला होता. मी स्वतः कितीतरी बाळंतपणं केली आणि 'फार नाही गेलं रक्त' असं कितीतरी वेळा म्हटलं. ते वाचल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. मिसोप्रॉस्टॉलनं थंडी वाजते, थोडा तापही येतो. म्हणजे बाई कुडकुडायला लागली की एएनएमला मनोमन कळणार, हिला खरी गोळी मिळालीय. मग गोपनीयता फुटली ना? थोडी फुटली असणार. पण रक्त पिशवीत मोजलं जात होतं, त्यामुळे मनातल्या अंदाजाला आकड्यात शिरायला फारशी वाट नव्हती. हेच संशोधन 'बाईंना कसं वाटलं' एवढ्यावर केलं असतं तर मी इतका विश्वास ठेवला नसता. पेपर वाचायचा तो असा. निष्कर्ष शेवटी बघ. आधी बघ की कोणी, काय, कशानं मोजलं आणि मोजणाऱ्याला आधीच काय माहीत होतं.

आकड्यांबद्दलही याच ठिकाणी सांगून टाकते. कंपनीचा माणूस हाच निकाल घेऊन आला तर म्हणेल, "मॅडम, धोका जवळजवळ निम्मा!" खोटं नाही ते. पण १२ मधून ६.४ गेले की उरले ५.६, म्हणजे साधारण १८ बायकांना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. बाकीच्या १७ जणींना गोळीनं फरक पडला नाही, काहींना थंडी मात्र वाजली. गोळी स्वस्त आणि धोका जिवाचा, म्हणून हा सौदा उत्तम आहे. पण समज एखादा आजार हजारात दोघांना होतो आणि औषधानं एकाला होतो, तर तिथेही 'निम्मा' हाच शब्द वापरता येतो. म्हणून 'निम्मा' ऐकलं की लगेच विचारायचं, कशाचा निम्मा?

आता त्याच जिल्ह्यातली उलटी गोष्ट. ही मला जास्त महत्त्वाची वाटते. दिवस पूर्ण न भरता बाळंत होणाऱ्या आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली की बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवलं. नंतर मोठ्या इस्पितळांत ते पक्कं झालं. मग साहजिक विचार आला: इतकं स्वस्त औषध खेड्यापाड्यांत पोहोचवलं तर किती बाळं वाचतील! सहा देशांत करून बघितलं, भारतात बेळगाव आणि नागपूर इथे. गावांचेच गट पाडले, सुमारे एक लाख जन्म मोजले. तान्ह्या बाळांचे मृत्यू कमी होणं दूर राहिलं, एकूण जन्मांत ते थोडे वाढले: हजारी २३.९ ऐवजी २७.४. आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशय येण्याचं प्रमाणही वाढलं.

मी हा निकाल वाचला तेव्हा पहिली प्रतिक्रिया 'काहीतरी चुकलं असेल' अशीच होती. सांगायला लाज वाटते, पण तुला खरं सांगायचं तर आवडत्या गोष्टीविरुद्ध पुरावा आला की मी त्यातल्या खोड्या काढते आणि आवडीचा आला की नुसता गोषवारा वाचून मान डोलावते. सगळेच करतात. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा लक्षात आलं की खेड्यात दिवस नक्की किती भरलेत हेच कळणं कठीण. सोनोग्राफी नाही, पाळीची तारीख सणावरून सांगितलेली. 'गणपतीच्या आधी अंगावरून गेलं होतं' यावरून आठवडे काढायचे. त्यामुळे इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी बायका पुढे पूर्ण दिवसांनी बाळंत झाल्या. त्या बाळांना औषधाचा फायदा काही नव्हता, धोका तेवढा होता. आणि ज्या इवल्याशा बाळाला फायदा व्हायचा त्याला ऑक्सिजन, ऊब, नर्स हे सगळं हवं होतं.

गोष्ट इथेही संपली नाही. २०२० साली भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांत पुन्हा तपासलं. या वेळी दिवस सोनोग्राफीनं ठरवलेले, बाळाच्या देखभालीची सोय असलेली ठिकाणं. तिथे बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध तेच. 'स्टेरॉइड चांगलं की वाईट?' असा प्रश्न परीक्षेत येत असेल, पण तो प्रश्नच अर्धवट आहे. कोणाला, कुठे, कोणत्या आठवड्याला, पुढे कोणत्या सोयीत, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

शरीरशास्त्राच्या गणितातून निघालेलं उत्तर दर वेळी खरं ठरत नाही, याचा दुसरा दाखला हृदयविकाराचा. झटक्यानंतर हृदयाचे चुकार ठोके धोक्याचे, मग ते दाबणारं औषध द्यावं, हे किती सरळ वाटतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही अशी दोन औषधं ठोके छान दाबत. ईसीजी सुंदर दिसे. १९९१ च्या अहवालात औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ दगावले होते, बिनऔषधी गोळीवरच्या ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारणं आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या औषधशास्त्राच्या पुस्तकात 'यामुळे अमुक पातळी कमी होते' असं वाक्य आलं की पुढे पेन्सिलीनं लिही: मग माणसाचं काय?

तपासण्यांकडे येते, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. तीन दिवस ताप, रक्त दिलं, 'टायफॉईड निघाला'. बहुतेक वेळा ती विडाल तपासणी असते, मुळात १८९६ सालची. आपण टायफॉईडच्या मुलखात राहतो. पूर्वी कधी जंतूशी गाठ पडली असेल तरी ती पॉझिटिव्ह दिसू शकते. आता एक हिशेब कर. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. पावसाळ्यात तापाचे १००० रुग्ण, त्यात खरा टायफॉईड २० जणांना. तपासणी खऱ्या दहापैकी सात पकडते आणि टायफॉईड नसलेल्या दहापैकी दोघांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. तर खरे पकडले १४, उगाच पकडले १९६. कागदावर 'पॉझिटिव्ह' लिहिलेल्या २१० जणांत टायफॉईडचे फक्त १४. उरलेले १९६ जण अँटिबायोटिक खाणार, बरे होणार आणि आयुष्यभर सांगणार की आपल्याला टायफॉईड झाला होता. ही तपासणी टायफॉईडचे रुग्ण भरपूर असलेल्या वॉर्डात लावली तर तोच पॉझिटिव्ह शब्द बराच भरवशाचा होतो. किट बदललेलं नाही, ज्यांच्यावर वापरलं ती माणसं बदलली. म्हणून तपासणी लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं की रिपोर्ट नसता तर मी याला टायफॉईडची शक्यता किती दिली असती, आणि पॉझिटिव्ह आला किंवा निगेटिव्ह आला तरी माझं औषध बदलणार आहे का. बदलणार नसेल तर त्या माणसाचा दिवसाचा पगार कशाला घालवायचा?

निपाणीकडचे लोक मला हमखास सांगतात: "आमचा आजा तंबाखूच्या वखारीत जन्मला, विडी ओढतच नव्वदीला टेकला." असेल ना. पण आजोबाबरोबर विडी ओढणारे जे पन्नाशीत गेले ते सांगायला येत नाहीत. कट्ट्यावर बसलेल्यांना मोजून उपयोग नाही, मोजायला सुरुवातीपासूनचे सगळे हवेत. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून ३४,४३९ पुरुष डॉक्टरांची नोंद ५० वर्षं ठेवली. सतत सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. त्यात नव्वदी गाठलेले ओढणारेही होतेच, आजोबांना खोटं पाडायची गरज पडली नाही.

आता एक इशारा. हे सगळं वाचून काही पोरं दुसऱ्या टोकाला जातात: सगळं कंपन्यांचं कारस्थान, लसबिस काही नको. हाही आळसच आहे, फक्त रुबाबदार. तू टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरून जात असशील. तिथे देवीची लस तयार व्हायची, म्हणून ते नाव. १९८० साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. एवढा ढळढळीत परिणाम असतो तिथे दशांश चिन्हांची भांडणं करत बसावं लागत नाही. शंका घ्यायची तर पुराव्याच्या वजनाप्रमाणे घ्यावी, सगळीकडे सारखी नव्हे.

रोजच्या सवयीचं म्हणशील तर दोनच सांगते. वॉर्डात केस बघितलीस की निदान आणि 'पुढच्या आठवड्यात काय होईल' हे तारखेसह वहीत लिही, नंतर पडताळ. लिहिलं नाही तर मन गुपचूप आधीचं मत बदलतं आणि 'मला वाटलंच होतं' म्हणतं. दुसरी सवय आपल्या भागातच सुचावी अशी आहे. तू शिकतेस इंग्रजीत, बोर्ड वाचतेस कन्नडात आणि पेशंटशी बोलतेस मराठीत. हा त्रास वाटतो, पण त्याचा फायदा करून घे. कुठलंही भारदस्त इंग्रजी विधान घरच्या मराठीत आजीला सांगून बघ. 'क्लिनिकली प्रूव्हन' म्हटलं की आजी विचारणार, म्हणजे काय गं? मग तुला सांगावं लागेल की कोणावर तपासलं, किती जणांवर, कशाशी तुलना करून. सांगता आलं नाही तर ते तुलाही कळलेलं नाही.

आणि आता आजीचं औषध. आमच्या तालुक्यात एक जण चुन्याच्या पाण्यानं कावीळ 'उतरवायचा'. हात धुतले की परातीत पिवळंधमक पाणी. लोक थक्क व्हायचे, मीही पहिल्यांदा झाले. हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला की चुन्याच्या पाण्यात तो पिवळा होतो, हे नंतर कळलं. मी दवाखान्यात परात मांडली आणि आमच्या कंपाउंडरचे हात धुतले. गडी ठणठणीत, डोळे पांढरे स्वच्छ, आणि पाणी तेवढंच पिवळं. बाहेर बाकावर बसलेल्या बायका वाकून बघत होत्या. एक म्हणाली, "म्हणजे ह्यालाबी झालीया की काय?" दुसरी तिला म्हणाली, "अगं, ह्याला नसताना निघतंय, मग त्याचं काय खरं?" त्या बाईला मी कुठल्याही परीक्षेत पूर्ण मार्क दिले असते.

लहान मुलांची कावीळ बहुतेक वेळा अ प्रकारची, दूषित पाण्यातून येणारी, आणि काही आठवड्यांत आपोआप बरी होणारी असते. झाडपाला घेतला तरी आणि नाही घेतला तरी. क्वचित यकृत निकामी होतं, आणि गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत ई प्रकारची कावीळ झाली तर ती जिवावर बेतू शकते. तिथे पाल्यावर काढलेले चार दिवस महाग पडतात. म्हणून हसून सोडून देण्याजोगा विषय नव्हे हा.

सुट्टीत घरी जाशील तेव्हा आजीशी वाद घालू नकोस. पाण्याची कावीळ गल्लीत सहसा एकट्याला होत नाही. तिला विचार, त्या साली आणखी कोणाकोणाची पोरं पिवळी पडली होती, त्यातल्या कोणी औषध घेतलं नव्हतं, आणि ती किती दिवसांनी शाळेत जायला लागली. आजीला घरोघरची नावं आठवतील, माझ्या वहीपेक्षा बरी यादी निघेल. आजारी पडून दुसरीकडे हलवलेलं कोणी त्यात राहून गेलं नाही ना, तेही विचार. काय निघालं ते मला कळव.